मज्जातंतू आणि मेद : डॉ. रेफ्सुम यांचे संशोधन

आईबापांकडून वारशाने आलेला रोग म्हटला, की बहुतेक घरांतून औषधपाण्याचा उत्साह तेथेच ओसरतो. जे रक्तातच आहे त्याला वैद्याने तरी काय करावे, असे रोगी म्हणतो. आणि पुष्कळदा वैद्यही मनातल्या मनात तेच म्हणत असतो. मज्जातंतूंच्या रोगांविषयी तर ही निराशा अधिकच खोल होती. हातापायांतील शक्ती वर्षानुवर्षे थोडथोडी कमी होत जावी, चालताना तोल जावा, आणि घराण्यात आणखी कोणाला तरी असेच झाल्याचे निघावे, एवढे झाले म्हणजे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तमोत्तम रुग्णालयांतूनही रोगाला एक लांबलचक लॅटिन नाव देण्यापलीकडे फारसे काही करता येत नसे. नॉर्वे देशातील एका मज्जातंतुविशारदाने १९४६ साली अशाच एका रोगाला असेच लांबलचक नाव दिले. परंतु त्यानंतर वीस वर्षांच्या आत त्या रोगाचे विष दुधालोण्यात सापडले, आणि ताटातील काही पदार्थ बदलून तो आटोक्यात आणता आला. त्या विशारदाचे नाव सिगवाल्ड रेफ्सुम. त्यांची आणि त्यांच्या रोगाची हकीगत येथे सांगावयाची आहे.

या हकीगतीत मेदाचा उल्लेख वारंवार येणार आहे, आणि मज्जातंतूंच्या दुखण्याशी मेदाचे नाते काय, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येणे साहजिक आहे. पाठीच्या कण्यातून निघून हातापायांच्या टोकांपर्यंत जाणारे जे मज्जातंतू आहेत, त्यांपैकी पायाच्या अंगठ्याकडे जाणारा एकेक तंतू सुमारे एक मीटर लांब असतो, आणि जाडीला तो केसाहूनही कितीतरी बारीक असतो. घरातील विजेच्या तारेवर जसे रबराचे आवरण असते, तसे यांतील मोठ्या तंतूंवर एक वेष्टण असते. त्याला मायलिन असे म्हणतात. श्वान या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशी तंतूभोवती कागदाच्या गुंडाळीप्रमाणे स्वतःला लपेटून घेतात, आणि थरावर थर चढून हे वेष्टण तयार होते. त्यातील पाण्याचा अंश काढून टाकला, तर जे उरते त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग निव्वळ स्निग्ध द्रव्यांचा असतो. विजेच्या तारेची उपमा मात्र येथे सोडून द्यावयास हवी. कारण या वेष्टणात ठराविक अंतरांवर फटी असतात आणि मेंदूचा संदेश एका फटीवरून दुसऱ्या फटीवर उड्या घेत पुढे जातो. निरोगी माणसाच्या हातापायांत त्याची गती सेकंदाला सुमारे ५० मीटर असते. वेष्टण बिघडले, की उड्या चुकू लागतात, संदेश रेंगाळतो, आणि अखेर पोहोचेनासा होतो. मग बोटांना बधिरपणा येतो, पावले जड पडतात, हातातील वस्तू गळून पडते. हे वेष्टण ज्या मेदाचे बनते, त्याचा कच्चा माल रक्तातून येतो. आणि रक्तात तो काही शरीराने स्वतः तयार केलेला असतो, तर काही आपल्या रोजच्या जेवणातून आलेला असतो.

सिगवाल्ड रेफ्सुम यांचा जन्म १९०७ साली नॉर्वेमध्ये झाला. दुसऱ्या महायुद्धात १९४० च्या एप्रिलपासून १९४५ च्या मे महिन्यापर्यंत त्यांचा देश जर्मन सैन्याच्या ताब्यात होता. देश मोकळा झाला त्याच वर्षी रेफ्सुम यांनी आपल्या निरीक्षणांचे पहिले टिपण प्रसिद्ध केले, आणि पुढील वर्षी त्या विषयावरचा त्यांचा सविस्तर प्रबंध बाहेर पडला. पूर्वी कोणी न वर्णिलेला, घराण्यातून चालत येणारा एक रोग आपण सांगत आहोत, असा त्या प्रबंधाचा दावा होता. रोगी थोडे, घराणी दोनच. परंतु एकेका रोग्याची तपासणी त्यांनी ज्या बारकाईने केली, ती आजही वाचकास थक्क करते.

या रोग्यांच्या तक्रारी वरवर पाहता एकमेकींशी काही संबंध नसलेल्या होत्या. प्रथम लहानपणी किंवा ऐन तारुण्यात तिन्हीसांजेनंतर दिसेनासे होई. पुढे दृष्टीचे क्षेत्र बाजूंनी आकसत जाई आणि माणूस जणू नळकांड्यातून जगाकडे पाहू लागे. मग हातापायांतील शक्ती कमी होई, संवेदना बोथट होत, चालणे झोकांड्या खाल्ल्यासारखे होई. काहींना ऐकू येणे मंदावे, बहुतेकांना वास येईनासा होई, कित्येकांची त्वचा कोरडी पडून तिच्यावर माशाच्या खवल्यांसारखे पापुद्रे धरत. काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित पडत आणि त्यातच अकस्मात मृत्यू ओढवे. आणखी एक चमत्कारिक खूण अशी, की यांतील काही जणांच्या पायाच्या चौथ्या बोटामागचे हाड जन्मापासूनच आखूड असते.

रातांधळेपणा म्हटला म्हणजे आपल्याकडे लगेच ‘अ’ जीवनसत्त्वाची आठवण होते, आणि ते योग्यच आहे. त्या जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा रातांधळेपणा औषधाने बरा होतो. परंतु येथे डोळ्याच्या आतील पडदाच हळूहळू झिजत असल्यामुळे त्या उपायाचा उपयोग होत नाही. अशा रोग्याने एरवी काय केले असते याची कल्पना करणे कठीण नाही. डोळ्यांसाठी तो एका डॉक्टरकडे गेला असता, कानांसाठी दुसऱ्याकडे, कातडीसाठी तिसऱ्याकडे. आणि प्रत्येकाने आपापल्या इंद्रियापुरते अचूक निदान करून त्याला परत पाठविले असते. रेफ्सुम यांनी या सर्व तक्रारी एका ओळीत मांडल्या आणि हा एकच रोग आहे असे ठामपणे सांगितले. कण्याभोवतीचे पाणी तपासले, तेव्हा त्यात प्रथिनांचे प्रमाण पुष्कळ वाढलेले त्यांना आढळले. मात्र जंतुजन्य दाहात दिसतात तशा पेशी त्यात वाढलेल्या नव्हत्या. त्यांनी रोगाचे नाव ठेवले ‘हेरेडोपॅथिया अटॅक्टिका पॉलिन्युरिटिफॉर्मिस’. घराण्यातून येणारा, तोल घालविणारा आणि अनेक मज्जातंतूंचा दाह झाल्यासारखा दिसणारा रोग, असा त्या भारदस्त शब्दांचा साधा अर्थ आहे. वैद्यकीय जगाला हे नाव पेलले नाही, आणि लोक त्याला रेफ्सुम यांचा रोग असेच म्हणू लागले.

वारशाची रीतही रेफ्सुम यांनी ओळखली होती. आई आणि बाप दोघेही प्रकृतीने धडधाकट असतात. पण दोघांच्याही ठिकाणी त्या विशिष्ट जनुकाची एक प्रत सदोष असते. मुलाकडे दोघांचीही सदोष प्रतच आली, तरच रोग प्रकट होतो. अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्याला हा धोका चारात एक इतका असतो. साधारण दहा लाख माणसांत एखाद्यालाच हा रोग होतो, असा अंदाज आहे. इतक्या विरळ रोगावर इतके श्रम कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढील हकीगतीतच आहे.

रेफ्सुम यांच्या वर्णनात एक गोष्ट अशी होती, की जिचे मोल पुढे कळले. हा रोग एका संथ उतारावरून खाली जात नसे. एखादे वर्ष बरे जाई. मग ताप येई, किंवा कसल्या तरी आजाराने खाणेपिणे सुटे, आणि थोड्याच आठवड्यांत हातपाय लुळे पडत. पुन्हा काही महिन्यांनी ते काहीसे सुधारत. तंतूची निव्वळ झीजच होत असती, तर ती अशी मागे-पुढे झाली नसती. रक्तातील काहीतरी वाढते आहे आणि उतरते आहे, अशी शंका यावयास येथे जागा होती. परंतु ते काहीतरी शोधून काढण्याची साधने १९४६ साली रसायनशास्त्राच्या हाती नव्हती. अनेक मेदाम्लांचे मिश्रण वायुरूपाने एका लांब नळीतून पाठवून प्रत्येक आम्ल वेगळे करण्याची पद्धत १९५२ च्या सुमारास निघाली, आणि मगच हा मार्ग खुला झाला.

पुढचा प्रवेश जर्मनीतला आहे. कोलोन येथील एर्न्स्ट क्लेंक हे मेंदूतील स्निग्ध द्रव्यांचे फार मोठे जाणकार. त्यांनी व व्हेर्नर काल्के यांनी या रोगाने दगावलेल्या एका बालकाच्या शरीरातील मेद तपासला. त्यात त्यांना एक असे मेदाम्ल भरमसाट प्रमाणात आढळले, की जे निरोगी माणसात जवळजवळ नसतेच. हा शोध त्यांनी १९६३ साली प्रसिद्ध केला. त्या आम्लाचे नाव फायटॅनिक आम्ल. आपल्या ओळखीची मेदाम्ले म्हणजे कर्बाच्या सोळा किंवा अठरा अणूंची सरळ साखळी असते. फायटॅनिक आम्लाची साखळी सोळा कर्बाणूंचीच, पण तिला चार ठिकाणी एकेका कर्बाणूचे फाटे फुटलेले असतात. म्हणजे एकूण वीस कर्बाणू झाले. आणि मौज अशी, की हेच आम्ल गाईच्या लोण्यात सापडल्याचे रसायनशास्त्रज्ञांना त्याआधीच ठाऊक झालेले होते. लोण्यावर काम करणारांना या रोगाची वार्ता नव्हती आणि रोगावर काम करणारांना लोण्याची.

लोण्यात ते आले कोठून? याचा माग थेट गवताच्या पात्यापर्यंत जातो. झाडांच्या पानांत जे हरितद्रव्य असते, त्याच्या प्रत्येक रेणूला एक लांब शेपूट असते. त्या शेपटीला फायटॉल असे म्हणतात. हरितद्रव्याची रचना उलगडणारे रिशार्ट विलस्टेटर यांना १९१५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. फायटॉलचा शोध ही त्यांचीच कामगिरी. गाय, म्हैस, मेंढी अशी रवंथ करणारी जनावरे गवत खातात, तेव्हा त्यांच्या कोठ्यातील सूक्ष्म जंतू हरितद्रव्याची ही शेपूट सुटी करतात. सुट्या झालेल्या फायटॉलचे पुढे फायटॅनिक आम्ल बनते, आणि ते जनावराच्या दुधात व चरबीत उतरते. समुद्रातही हिरव्या सूक्ष्म वनस्पतींपासून निघून ते चरबीयुक्त माशांत येऊन पोहोचते. मनुष्याच्या पोटात तसे जंतू नसल्यामुळे पालेभाजीतील फायटॉल आपल्याला मोकळा करता येत नाही. गाईने केलेले काम मात्र आपण आयते खातो. दूध, लोणी, तूप, चीज, गोमांस, मटण यांतून साधारण युरोपीय माणसाच्या पोटात रोज ५० ते १०० मिलिग्रॅम फायटॅनिक आम्ल जाते, म्हणजे चिमूटभरही नाही.

परंतु हे सर्व जुळण्यापूर्वी एक मोठा प्रश्न सोडविणे भाग होते. रोग्याच्या अंगात साठलेले आम्ल बाहेरून आलेले आहे, की त्याचे शरीरच ते चुकून तयार करीत आहे? शरीरच तयार करीत असेल, तर पथ्याचा काही उपयोग नव्हता. अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्यसंस्थेत काम करणारे डॅनियल स्टाइनबर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी हा प्रश्न हाती घेतला. त्यांची युक्ती सुरेख होती. शरीर कोणतेही मेदाम्ल नव्याने जोडू लागले, की भोवतालच्या पाण्यातील हायड्रोजन त्यात ओढला जातो. म्हणून रोग्याला थोडे जड पाणी दिले, म्हणजे ज्यातील हायड्रोजन नेहमीपेक्षा जड असल्यामुळे पुढे ओळखता येतो असे पाणी. फायटॅनिक आम्ल घरचे असते, तर त्यात जड हायड्रोजन सापडावयास हवा होता. तो लक्षात घेण्याजोगा सापडला नाही. आम्ल बाहेरचे होते.

मग हे बाहेरचे आम्ल निरोगी माणसात का साठत नाही? स्टाइनबर्ग यांनी खूण केलेला फायटॉल निरोगी माणसांना आणि रोग्यांना देऊन पाहिला. दोघांच्याही आतड्यांतून तो सारखाच शोषला गेला. मात्र निरोगी माणसांनी त्याचा चांगला भाग जाळून श्वासावाटे बाहेर टाकला आणि रोग्यांना त्याच्या मानाने अगदीच थोडा जाळता आला. दोष घेण्यात नव्हता, खर्चात होता.

हा खर्च कसा होतो, ते जरा फुरसतीने समजावून घेण्यासारखे आहे. मेदाम्लाची साखळी म्हणजे आगगाडीच्या डब्यांची रांग समजावी. शरीर तिच्या एका टोकाकडून एका वेळी दोन-दोन डबे सोडवून जाळीत जाते. सरळ साखळीत हे काम बिनबोभाट चालते. त्यासाठी टोकाकडून तिसरा जो डबा, त्याची कडी मोकळी असावी लागते. फायटॅनिक आम्लात नेमका त्याच डब्याला बाजूने एक फाटा अडकविलेला आहे! दोन डबे एकदम सुटेनात. यावर शरीराची तोड अशी, की प्रथम एकच डबा सोडवावयाचा. तसे केले, की फाटा असलेला डबा दुसऱ्या क्रमांकावर येतो, तिसऱ्याची कडी मोकळी सापडते, आणि दोन-दोनांचे नेहमीचे काम सुरू होते. हा एकुलता एक डबा सोडविणारे जे वितंचक आहे, ज्याला इंग्रजी वळणाने एन्झाइम म्हणतात, ते रेफ्सुम यांच्या रोग्यांत निकामी असते. त्यामुळे सारी गाडी तशीच उभी राहते, आणि दररोज नवी गाडी येऊन तिच्यामागे उभी राहते. मूल जन्मते तेव्हा साठा नसतो. दहा, वीस, तीस वर्षे तो वाढत जातो. रोग जन्मापासून असूनही तारुण्यात का दिसतो, याचे हे उत्तर आहे.

अशा स्थितीत उपाय काय, ते कोणत्याही हिशेबी गृहिणीला सांगता आले असते. खर्च वाढविता येत नसेल, तर आवक बंद करावी. ऑस्लो येथील लोरेंट्स एल्डयार्न आणि त्यांचे सहकारी यांनी ते करून पाहिले, आणि १९६६ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात त्याचे फळ जाहीर केले. त्या लेखाच्या कर्त्यांत स्वतः रेफ्सुम यांचेही नाव आहे आणि समुद्रापलीकडच्या स्टाइनबर्ग यांचेही. पथ्यावर ठेवलेल्या रोग्यांच्या रक्तातील फायटॅनिक आम्ल उतरले, आणि त्याबरोबर हातापायांत शक्ती परत येऊ लागली.

वीस वर्षांपूर्वी ज्याने या रोगाला नाव दिले, त्याच माणसाने ही सुधारणा पाहावी, असे वैद्यकाच्या इतिहासात फार वेळा घडत नाही.

हे पथ्य सोपे मात्र नव्हते. नॉर्वेच्या माणसाला लोणी, चीज, मटण आणि मासे सोडावयास सांगणे म्हणजे त्याचे ताटच उचलून नेण्यासारखे आहे. त्यातच पहिल्या काळात हिरव्या पालेभाज्याही वर्ज्य केलेल्या होत्या. फायटॉल हरितद्रव्यातून येतो, तेव्हा हिरवे ते सर्व धोक्याचे, असा सरळ तर्क त्यामागे होता. हा तर्क चुकीचा ठरला. हरितद्रव्यातील फायटॉल मनुष्याच्या पोटात फार थोडा सुटतो आणि जवळजवळ सगळाच तसाच बाहेर पडतो, हे १९६८ च्या सुमारास प्रयोगाने दिसून आले, आणि पालेभाज्या रोग्यांच्या ताटात परत आल्या. पथ्याने पोटात जाणारे फायटॅनिक आम्ल दिवसाला दहा-वीस मिलिग्रॅमपर्यंत किंवा त्याहूनही खाली आणता येते. कोंबडीचे मांस, अंडी, डाळी, धान्ये, वनस्पतींची तेले, फळे यांवर पोट चांगले भरते.

याहून अवघड अडचण दुसरीच निघाली, आणि ती फार बोधप्रद आहे. पथ्य सुरू केलेल्या काही रोग्यांची प्रकृती पहिल्या काही आठवड्यांत सुधारण्याऐवजी बिघडली. नव्या, बेचव अन्नावर त्यांचे मन बसेना. जेवण कमी झाले, वजन उतरले. आणि वजन उतरले म्हणजे शरीराने आपली साठविलेली चरबी जाळावयास काढली. त्या चरबीत वर्षानुवर्षांचे फायटॅनिक आम्ल दडलेले होते. ते एकाएकी रक्तात लोटले आणि मज्जातंतूंवर, हृदयावर जाऊन आदळले. रेफ्सुम यांनी जुन्या रोग्यांत ताप आल्यावर किंवा खाणे सुटल्यावर जी घसरण पाहिली होती, तिचा उलगडा येथे झाला. तेव्हापासून या रोग्यांना वजन घटविण्याची आणि लंघन करण्याची सक्त मनाई असते. शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवावयाचे असले, तरी शिरेतून साखरेचे पाणी देत राहावे लागते. आपल्याकडे अशा रोग्याने निर्जळी एकादशी करावयाचे मनात आणले, तर घरच्यांनी त्याला हात जोडून थांबवावयास हवे. निरोगी माणसाने मात्र या हकीगतीवरून तूप किंवा म्हशीचे दूध यांना भिण्याचे काही कारण नाही. त्याचे वितंचक चिमूटभर आम्लाची विल्हेवाट बिनतक्रार लावीत असते.

एखाद्याची प्रकृती फारच ढासळली, हृदय अडखळू लागले, तर पथ्याची वाट पाहत बसता येत नाही. त्यासाठी १९७० नंतरच्या दशकात दुसरा मार्ग निघाला. रोग्याचे रक्त यंत्रातून फिरवून त्यातील पातळ भाग आम्लासकट काढून टाकावयाचा आणि रक्तपेशी स्वच्छ द्रवात मिसळून परत द्यावयाच्या. याने रक्तातील आम्ल झपाट्याने उतरते. मात्र अंगच्या चरबीतील साठा निघून जाण्यास पथ्याची कित्येक वर्षे लागतात.

यातून काय परत मिळते आणि काय मिळत नाही, तेही सांगितले पाहिजे. हातापायांची शक्ती, चालण्यातील तोल, त्वचेचा मऊपणा, हृदयाची लय, यांत पथ्याने स्पष्ट सुधारणा होते; मज्जातंतूंतील संदेशांची गतीही वाढलेली मोजता येते. मायलिनचे वेष्टण नव्याने घडविण्याची शक्ती श्वान पेशींच्या अंगी आहे, त्याचा हा प्रताप. परंतु गेलेली दृष्टी परत येत नाही. फार तर जी उरली आहे ती टिकते. वास आणि श्रवण यांचेही तसेच. म्हणून पंचविसाव्या वर्षी रोग ओळखला गेलेला माणूस आणि पंचावन्नाव्या वर्षी ओळखला गेलेला माणूस यांना मिळणारे औषध एकच असले, तरी त्यांचे पुढचे आयुष्य एक नसते.

हे आम्ल मज्जातंतूंना नेमकी इजा कशी करते, याविषयी शास्त्रज्ञांत दोन मते आहेत. काहींच्या मते फाटे फुटलेल्या साखळ्या मायलिनच्या घट्ट थरांत घुसून बसतात आणि ते थर नीट लागत नाहीत. वाकडीतिकडी वीट घातल्यावर भिंत फुगावी तसे हे आहे. इतरांच्या मते ते आम्ल पेशींतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या भागांनाच बाधते आणि पेशी आतून खचतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणेही शक्य आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेला उंदरांवरील एक प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. ज्यांचे हे वितंचक मुद्दाम निकामी केले होते असे उंदीर साध्या खाण्यावर धडधाकट राहिले. खाण्यात फायटॉल मिसळताच त्यांचा तोल जाऊ लागला आणि त्यांचे मज्जातंतू मंदावले. जनुकाचा दोष दोन्ही वेळी तोच होता. बदलले होते ते फक्त खाणे.

जनुकाचा शोध लागावयास १९९७ साल उजाडले. ते दहाव्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. वितंचकाचे काम पेशीतील पेरॉक्सिझोम नावाच्या अतिसूक्ष्म कोठड्यांत चालते, हेही तोवर ठरले होते. काही रोग्यांत मात्र हे जनुक निर्दोष आढळले, आणि कोडे पडले. २००३ साली ते सुटले. या रोग्यांत वितंचक नीट तयार होत असते, परंतु त्याला कोठडीच्या दारापर्यंत नेऊन आत सोडणारा जो वाहक, तोच सदोष असतो. कामगार हजर, पण कारखान्याला कुलूप, अशातला हा प्रकार झाला. दोन्ही प्रकारच्या रोग्यांचे पथ्य मात्र एकच आहे.

रेफ्सुम यांना हे शेवटचे दोन शोध पाहावयास मिळाले नाहीत. १९९१ साली त्यांचे निधन झाले. ऑस्लो येथे ते दीर्घकाळ मज्जातंतुशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि १९७३ पासून १९८१ पर्यंत मज्जातंतुशास्त्रज्ञांच्या जागतिक महासंघाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. इतक्या मानाच्या जागा भूषविलेल्या या माणसाचे नाव टिकले, ते दोन घराण्यांतील मूठभर रोग्यांच्या काळजीपूर्वक केलेल्या नोंदींमुळे.

त्या नोंदींचा उपयोग आजही होतो, आणि तो बहुधा डोळ्यांच्या दवाखान्यात होतो. कारण रोगी पहिल्याने तेथेच येतो. हातपाय धड असतात, रात्री दिसत नाही एवढीच त्याची तक्रार असते. डोळ्याच्या पडद्याची अशी झीज अनेक कारणांनी होते आणि त्यांतील बहुतेकांवर पथ्याचा काही इलाज नाही. त्या गर्दीतून हा एक रोगी निवडून काढावयाचा, तर रक्तातील फायटॅनिक आम्ल मोजावे लागते, आणि ते मोजण्याची बुद्धी होण्यासाठी आधी शंका यावी लागते. म्हणून जाणता नेत्रवैद्य अशा रोग्याला डोळ्यांचे सर्व प्रश्न विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारतो, जो ऐकून रोगी थोडा बुचकळ्यात पडतो : तुम्हाला वास नीट येतो का?